लॉगमधली वेळ प्रोग्रामनं कशी वाचावी: नसलेलं वर्ष, साडेपाच तास आणि बाकीच्या गाठी

लॉगच्या, म्हणजे मशीन किंवा प्रोग्राम लिहीत जातो त्या नोंदींच्या फाइलीच्या, ओळीतून तारीख-वेळ वेगळी काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो ओळीत न लिहिलेल्या गोष्टी शोधण्यात. वर्ष कोणतं? टाइमझोन कोणता? त्या क्षणी मशीनचं घड्याळ बरोबर होतं का? आणि ही वेळ घटना घडल्याची की नोंद लिहिल्याची? या चार प्रश्नांची उत्तरं प्रोग्राममध्ये उघडपणे लिहिली नाहीत, तर लायब्ररी स्वतःच्या मनानं काहीतरी धरते आणि बहुतेक वेळा सांगतही नाही.

नागपुरातलं नेहमीचं चित्र घेऊ. मिहानमध्ये ऑफिस, सर्व्हर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचं घड्याळ डिफॉल्टनं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) दाखवतं, ऑफिसातली फायरवॉल भारतीय वेळ लिहिते आणि टीमच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. एखादी अडचण शोधताना या तिन्हींचे लॉग एका रांगेत लावावे लागतात. पुढच्या पायऱ्या त्या कामासाठी आहेत. नमुन्याच्या ओळी इथे देवनागरीत उतरवल्या आहेत. फाइलीत अक्षरं आणि अंक रोमनच असतात.

पायरी १: नोंदीचा प्रकार ओळखा

जुना सिसलॉग (सिस्टमच्या नोंदी लिहिण्याची पद्धत) अजून सगळीकडे भेटतो. त्याची वेळ अशी दिसते: «जान  ५ ०९:१२:४४». आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन केलेला हा साचा बरोबर १५ अक्षरांचा आहे: महिन्याची तीन अक्षरं, जागा, दिवसाची दोन घरं, जागा, मग आठ अक्षरांची वेळ. दिवस एकअंकी असला की पहिल्या घरात शून्य नसून रिकामी जागा असते. त्यामुळे एकेका जागेवर ओळ तोडणारा प्रोग्राम १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत छान चालतो आणि १ तारखेला सगळे रकाने एकानं सरकतात. उपाय सोपा आहे: पहिली १५ अक्षरं मोजून घ्या, किंवा सलग जागांना एकच जागा धरून तोडा.

नवा साचा आरएफसी ५४२४ चा, २००९ चा: «२०२४-०१-०५टी०९:१२:४४.१२३४५६+०५:३०». वर्ष आहे, झोन आहे, सेकंदाचे सहा दशांशांपर्यंत भाग आहेत. वेळ माहीतच नसेल तर तिथे फक्त एक आडवी रेघ येते. ती वाचून प्रोग्राम कोसळू देऊ नका. डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती १२ पासून आरसिसलॉग, म्हणजे सिसलॉग लिहिणारा प्रोग्राम, डिफॉल्टनं हाच साचा लिहितो. त्याच आवृत्तीत आरसिसलॉग आपोआप बसणंही थांबलं, म्हणून नव्या मशीनवर सिसलॉगची फाइल सापडली नाही तर गोंधळू नका. नोंदी सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जर्नलमध्ये असतात.

जर्नल वाचायचं असेल तर त्याचं माणसांसाठीचं आउटपुट तोडत बसू नका. जर्नलसीटीएल कमांडला जेसन स्वरूपात आउटपुट मागा. प्रत्येक नोंदीत दोन आकडे हमखास असतात: रिअलटाइम म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे मायक्रोसेकंद, आणि मोनोटॉनिक म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद. दोन्ही जेसनमध्ये अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून येतात. काही नोंदींत सोर्स-रिअलटाइम हाही रकाना असतो. तो संदेश पाठवणाऱ्याच्या बाजूनं मिळालेली सगळ्यात आधीची विश्वासार्ह वेळ सांगतो, म्हणून असेल तेव्हा तोच वापरा.

वेब सर्व्हरची वेळ चौकटी कंसात असते: «[०५/जान/२०२४:०९:१२:४४ +०५३०]». तारीख आणि तास यांच्यामध्ये जागा नसून कोलन आहे, तिथे हमखास चूक होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अपाची डिफॉल्टनं विनंती मिळाल्याची वेळ लिहितो, एनजिनएक्स मात्र विनंती संपून नोंद लिहिताना जी वेळ असेल ती. चाळीस सेकंद चाललेली एकच विनंती दोन सर्व्हरांच्या लॉगमध्ये चाळीस सेकंदांच्या अंतरानं दिसेल आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतील. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ छापायची सोय आहे. तो छापून घ्या आणि सुरुवातीची वेळ वजाबाकीनं काढा.

ऑडिटडीच्या (लिनक्सवर सुरक्षेच्या नोंदी लिहिणाऱ्या सेवेच्या) ओळीत «ऑडिट(१७००००००००.२४३:८१२)» असा कंस असतो. बिंदूपर्यंत सेकंद, त्यापुढे मिलीसेकंद, आणि कोलननंतरचा आकडा घटनेचा अनुक्रमांक. तो वेळेचा भाग नाही.

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) ओळी चौकटी कंसात फक्त बूटपासूनचे, म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे, सेकंद देतात. त्या दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडला मोठा टी हा पर्याय दिला की तो त्यांची तारीख करून दाखवतो, पण त्याच्या मॅन्युअलमध्येच इशारा आहे: मशीन मध्ये झोपून उठलं असेल तर ही तारीख चुकते, कारण नोंदींचं ते घड्याळ झोपेच्या काळात पुढे सरकत नाही. कधीच न झोपणाऱ्या सर्व्हरवर ठीक, लॅपटॉपवर भरवसा नाही.

विंडोजची फाइलटाइम ही १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजलेली संख्या आहे. तिला एक कोटीनं भागा, भागाकारातून ११६४४४७३६०० वजा करा. १९७० पासूनचे सेकंद मिळतात. इव्हेंट लॉग आतून यूटीसीत असतो, पण इव्हेंट व्ह्यूअर स्क्रीनवर स्थानिक वेळ दाखवतो. स्क्रीनशॉटमधली वेळ आणि एक्सएमएलमधली वेळ जुळत नाही ती यामुळे.

नुसता आकडाच असेल तर अंक मोजा. आजच्या काळातले सेकंद १० अंकी, मिलीसेकंद १३, मायक्रोसेकंद १६, नॅनोसेकंद १९. १७००००००००  हा आकडा पाठ असू द्या: तो १४ नोव्हेंबर २०२३ ला यूटीसी २२:१३:२० आहे, म्हणजे आपल्याकडे १५ नोव्हेंबरची पहाट, ०३:४३:२०. तारीखसुद्धा बदलते, म्हणून चाचणीसाठी हा आकडा सोयीचा.

पायरी २: आत काय साठवायचं

प्रत्येक नोंदीसाठी चार गोष्टी ठेवा: यूटीसीतला क्षण, मूळ ओळ जशीच्या तशी, ती कोणत्या मशीनवरून कोणत्या फाइलीतून आली, आणि वर्ष किंवा झोन आपण अंदाजानं भरला असेल तर तशी खूण. ही खूण बहुतेक जण ठेवत नाहीत. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हे २०२३ कशावरून, तर त्या वेळी दुसरं काहीही कामी येत नाही.

भारतीय वेळ फक्त दाखवताना काढायची. बेरीज-वजाबाकी, क्रम लावणं, तुलना, सगळं यूटीसीत.

नॅनोसेकंद दशांश संख्येत (फ्लोटमध्ये) ठेवू नका. आजच्या तारखांना ६४ बिटांच्या दशांश संख्येत नॅनोसेकंदांच्या २५६-२५६ च्या पायऱ्या पडतात आणि लागोपाठच्या नोंदी एकाच क्षणाच्या दिसू लागतात. जावास्क्रिप्टची साधी संख्या याच जातीची आहे. पूर्णांक वापरा.

पायरी ३: वर्ष भरणं

जुन्या सिसलॉगमध्ये वर्षच नाही, आणि चालू वर्ष चिकटवणं हा सगळ्यात प्रचलित चुकीचा उपाय. २ जानेवारीला ३१ डिसेंबरची ओळ वाचली की ती जवळजवळ एक वर्ष पुढची होते. डिसेंबरात लिहून तपासलेला कोड जानेवारीत मोडतो तो इथेच.

योग्य रीत शेवटाकडून सुरुवातीकडे जाण्याची आहे.

एक संदर्भ-क्षण घ्या: चालू फाइल असेल तर आत्ताची वेळ, रोटेट झालेली (जुनी म्हणून बाजूला काढलेली) असेल तर फाइल शेवटची बदलल्याची वेळ. लॉगरोटेट फाइलीचं नाव बदलतो तेव्हा ही वेळ टिकते, जीझिपही मूळ फाइलीची वेळ जपतो. पण एससीपीनं साधी कॉपी केली की ती पुसली जाऊन कॉपीची वेळ बसते. लहान पी हा पर्याय देऊनच फाइली आणा. नावात तारीख असेल तर ती रोटेशनची असते, म्हणजे आतला मजकूर त्या तारखेच्या आधीचा.

शेवटच्या ओळीला संदर्भाचं वर्ष द्या. तयार झालेली वेळ संदर्भापेक्षा एका दिवसाहून जास्त पुढे गेली तर वर्ष एकानं कमी करा. एक दिवसाची सूट घड्याळातल्या फरकासाठी आणि झोनच्या घोळासाठी आहे. शून्य ठेवलीत तर दोन मिनिटं पुढे असलेल्या मशीनच्या ताज्या नोंदी गेल्या वर्षात जाऊन पडतील.

मग एकेक ओळ वर सरका. वर जाताना वेळ कमी होत गेली पाहिजे. ३ जानेवारीच्या वरती ३१ डिसेंबर आला, म्हणजे महिना-दिवस एकदम अर्ध्या वर्षाहून जास्त पुढे उडाला, की तिथपासून वर्ष एकानं कमी. काही सेकंदांची किंवा तासांची उलटसुलट उडी वर्ष बदलण्याचं कारण धरू नका. ओळी थोड्या मागेपुढे होणं नेहमीचंच आहे. सहा महिन्यांहून मोठी पोकळी असलेल्या फाइलीत ही रीत फसते, तिथे अंदाजाची खूण लावून पुढे जा.

२९ फेब्रुवारी वेगळा हाताळावा लागतो. पायथनचं स्ट्रपटाइम (मजकुरातून वेळ वाचणारं फंक्शन) वर्ष न दिल्यास १९०० धरतं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे «फेब २९» वाचताना ते सरळ एरर देतं. नंतर वर्ष बदलून घेऊ हा बेत तिथेच संपतो. आधी वर्ष स्ट्रिंगला जोडा आणि मगच वाचायला द्या. पायथन ३.१३ तर वर्षाविना दिवस वाचायला दिला की इशाराच देतो. उलट या तारखेचा एक फायदाही आहे: फाइलीत २९ फेब्रुवारी दिसली की वर्ष २०२४, २०२० अशा लीप वर्षांपैकीच.

अर्थात सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर एवढी उठाठेव करायची गरज नाही. आरसिसलॉगच्या मुख्य कॉन्फिग फाइलीत पारंपरिक टेम्प्लेटला डिफॉल्ट ठरवणारी एक ओळ असते. ती कमेंट करून सेवा रीस्टार्ट केली की वर्ष-झोनसह नोंदी सुरू होतात. फक्त क्रम पाळा: आधी वाचणारा प्रोग्राम दोन्ही साचे ओळखेल असा करा, मग सर्व्हर बदला. उलटं केलं तर जुन्या साच्यावर बेतलेली प्रत्येक स्क्रिप्ट त्याच रात्री गप्प होते.

पायरी ४: झोन

ओळीत झोन नसेल तर तो मशीनच्या यादीतून आणा: अमुक मशीन, अमुक फाइल, अमुक झोन. वाचणाऱ्या मशीनचा झोन वापरू नका. डॉकर कंटेनर (मशीनच्या आत वेगळं चालणारं छोटं वातावरण) होस्टवरच्या भारतीय वेळेकडे बघत नाही, सांगितलं नाही तर यूटीसीच धरतो. म्हणजे एकाच यंत्रावर दोन झोनचे लॉग बनू शकतात. यादी मशीनपुरती न ठेवता फाइलीपर्यंत न्यायची ती म्हणून.

झोनचं नाव एशिया/कोलकाता असं पूर्ण लिहा. «आयएसटी» हे संक्षेप भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही वापरतात. पायथनच्या स्ट्रपटाइममध्ये झोनचं नाव वाचणारं मोठ्या झेडचं चिन्ह फक्त यूटीसी, जीएमटी आणि त्या मशीनची स्वतःची नावं ओळखतं. म्हणून «आयएसटी» असलेली ओळ नागपूरच्या लॅपटॉपवर पास होते आणि यूटीसीवरच्या सर्व्हरवर एरर देते. शिवाय पास झाली तरी मिळणारी वेळ झोनविनाच असते. गो भाषा तर याहून घातक: अनोळखी संक्षेप दिसला की ती त्या नावाचा शून्य फरकाचा झोन बनवते आणि पुढे जाते. एरर नाही, काही नाही, वेळ साडेपाच तास चुकलेली.

आपल्या झोनमधली अर्ध्या तासाची शेपटी पुष्कळ कोडला माहीत नसते. चूक किती मिनिटांची आहे ते बघितलं तर कारण बहुधा लगेच सापडतं:

- ५ तास ३० मिनिटं: झोन वाचलाच नाही, किंवा यूटीसीतल्या वेळेतून पुन्हा वजा केला.
- ११ तास: चिन्ह उलटं. यूटीसी काढायला ५:३० वजा करायचे ते मिळवले.
- ३० मिनिटं: फरकातले फक्त तास घेतले, मिनिटं टाकली.
- १२ मिनिटं: «०५३०» ला १०० नं भागून ५.३ तास केले. ५.३ तास म्हणजे ५ तास १८ मिनिटं.
- २३ मिनिटं: पायथनच्या जुन्या पायटीझेड लायब्ररीचा झोन थेट तारखेच्या कन्स्ट्रक्टरला दिला.
- १२ तास: चोवीस तासांच्या जागी बारा तासांचं चिन्ह वापरलं.

यातलं २३ मिनिटांचं कोडं मजेदार आहे. झोनच्या डेटाबेसमध्ये कोलकात्याची पहिली नोंद तिथल्या जुन्या सूर्यावरच्या स्थानिक वेळेची आहे, यूटीसीच्या सुमारे ५ तास ५३ मिनिटं पुढे. पायटीझेडचा झोन थेट चिकटवला तर तीच पहिली नोंद लागू होते. नागपूरचा सूर्य मात्र उलट बाजूला: भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आणि नागपूर ७९ च्या जरासं पुढे, त्यामुळे इथली सूर्यावरची वेळ घड्याळाच्या साडेतेरा मिनिटांच्या आसपास मागे. झोनच्या यादीत तिला जागा नाही, हे आपलं नशीब. पायटीझेडच वापरायची असेल तर तिची लोकलाइझ पद्धत वापरा. नव्या कोडसाठी पायथन ३.९ पासूनचं झोनइन्फो पुरेसं आहे. विंडोजवर आणि छोट्या कंटेनर इमेजमध्ये झोनचा डेटा नसतो, तिथे टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

दिवसाचा रिपोर्ट हा झोनचाच पुढचा भाग. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. यूटीसीवर रोटेट होणाऱ्या सर्व्हरवरून ५ जानेवारीचा रिपोर्ट काढायचा तर ४ आणि ५, अशा दोन तारखांच्या फाइली उघडाव्या लागतात. ओळीची पहिली दहा अक्षरं कापून «तारीख» म्हणून गट पाडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये रात्री १२ ते पहाटे ५:३० चं सगळं काम आदल्या दिवसात जमा होतं. रात्रपाळीचे आकडे जुळत नसतील तर आधी हे बघा.

भारतात सध्या उन्हाळी वेळ नाही, म्हणून आपण तिचा विचार करत नाही. ग्राहक अमेरिकेत असेल तर वर्षातून एकदा एक तास दोनदा येतो आणि झोनविना लिहिलेल्या त्या तासातल्या नोंदी कोणत्या फेरीतल्या हे ओळीवरून ठरवता येत नाही.

पायरी ५: वाचणाऱ्या फंक्शनच्या खोडी

पायथनमध्ये फ्रॉमआयएसओफॉरमॅट ३.११ पासून शेवटचा झेड (यूटीसीची खूण) समजतं. त्याआधीच्या आवृत्तीत झेडच्या जागी «+००:००» घालून द्यावं लागतं. स्ट्रपटाइममधलं सेकंदांच्या भागाचं चिन्ह सहा अंकांपर्यंतच वाचतं. विंडोजच्या एक्सएमएलमध्ये सहापेक्षा जास्त अंक असतात, तिथे ते एरर देतं; जास्तीचे अंक आधी वेगळे काढा.

महिन्याच्या नावाचं चिन्ह लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असतं. सिसलॉग महिने इंग्रजीतच लिहितो, पण प्रोग्रामनं मराठी लोकेल लावलं असेल तर इंग्रजी नाव जुळणार नाही. घरगुती शेल स्क्रिप्ट डेट कमांडनं लॉग लिहीत असेल तर उलटं घडतं. सरळ बारा नावांचा तक्ता स्वतः ठेवा, वेगही मिळतो. जाता जाता: पायथनच्या रेगेक्समधलं (मजकुराचा साचा शोधणाऱ्या सूत्रातलं) अंकाचं चिन्ह देवनागरी अंकही जुळवतं आणि पूर्णांक करणारं फंक्शन तेही वाचतं, तेव्हा फक्त रोमन अंक हवे असतील तर शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा.

सीमध्ये स्ट्रपटाइमला द्यायचं स्ट्रक्चर आधी शून्यानं भरा, ते फंक्शन स्वतः भरत नाही. मग एमकेटाइम वाचलेली वेळ मशीनच्या झोनमधली धरतं; यूटीसीसाठी टाइमजीएम.

जावामध्ये जुना सिंपलडेटफॉरमॅट अनेक थ्रेडमध्ये वाटून वापरला तर वेळा एकमेकींत मिसळतात. जावा ८ पासूनचा डेटटाइमफॉरमॅटर वापरा. लहान वाय म्हणजे वर्ष आणि मोठा वाय म्हणजे आठवड्यांवर मोजलेलं वर्ष. लॉग लिहिणाऱ्यानं मोठा वाय वापरला असेल तर ३१ डिसेंबर २०२४ च्या ओळीवर ३१ डिसेंबर २०२५ छापलेलं सापडतं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर एक वर्ष पुढच्या नोंदी दिसल्या तर वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याला धरा.

पायरी ६: घड्याळावर किती विश्वास ठेवायचा

नागपुरात मे महिन्यात लाइट जाणं काही नवलाचं नाही. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेली उपकरणं, म्हणजे स्वस्त राउटर किंवा जुने रास्पबेरी पाय, परत सुरू झाल्यावर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) मिळेपर्यंत जुनीच तारीख लिहितात. मग वेळ एकदम उडी मारते. जर्नल असेल तर या नोंदी दुरुस्त करता येतात: त्याच बूटमधली, घड्याळ जुळल्यानंतरची एक नोंद घ्या, तिच्या रिअलटाइममधून मोनोटॉनिक वजा करा, आणि उरलेली संख्या आधीच्या नोंदींच्या मोनोटॉनिकमध्ये मिळवा. बूट-आयडी तोच आहे ना हे तपासून घ्या, नाहीतर दोन वेगळ्या बूटची सरमिसळ होईल.

वेगवेगळ्या मशीनच्या नोंदींचा क्रम मिलीसेकंदांवर ठरवू नका. एकाच फाइलीत वेळ सारखी आली तर ओळीचा क्रमांक दुसरा निकष ठेवा. वाचन जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू करायलाही वेळ वापरू नका. जर्नलला कर्सर असतो, फाइलीसाठी आयनोड (फाइलीचा सिस्टममधला क्रमांक) आणि बाइटची जागा.

सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत मागे पाहिलं तर एवढ्या दिवसांत नवीन वर्ष मध्ये येतंच, म्हणून पायरी ३ टाळता येत नाही.

पायरी ७: न वाचता आलेल्या ओळी आणि चाचण्या

वेळ फक्त ओळीच्या सुरुवातीला शोधा. संदेशाच्या पोटात दुसऱ्या तारखा असतात. सुरुवातीला वेळ नसलेली ओळ बहुधा आधीच्या नोंदीचं शेपूट असते, एररचा ट्रेस वगैरे. ती मागच्या नोंदीला जोडा. बाकीच्या वेगळ्या फाइलीत टाका आणि मोजा. वाचता आलं नाही म्हणून «आत्ताची वेळ» भरणारा कोड कधीही लिहू नका.

चाचणीत निदान इतक्या ओळी हव्यात: एकअंकी तारीख, ३१ डिसेंबर आणि लगेच १ जानेवारी, २९ फेब्रुवारी, भारतीय वेळेतले रात्रीचे २ वाजून काही मिनिटं, उणे साडेतीन तासांचा झोन, ज्यात उणे चिन्ह मिनिटांनाही लागलं पाहिजे, सेकंदाच्या भागात शून्य, तीन, सहा आणि नऊ अंक, आणि ६० लिहिलेला सेकंद (लीप सेकंद, म्हणजे घड्याळ जुळवायला मध्येच घातलेला जादा सेकंद). शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस झाला, आपल्या घड्याळात तो १ जानेवारी २०१७ ला पहाटे ०५:२९:६० असा पडला. पायथनची डेटटाइम ६० सेकंद घेत नाही. ५९ करून खूण लावा.

या सगळ्या चाचण्या तीनदा चालवा: टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकदा यूटीसी, एकदा एशिया/कोलकाता आणि एकदा अमेरिका/न्यूयॉर्क ठेवून. तिन्ही वेळचं आउटपुट डिफनं ताडून पाहा. एका बाइटचा जरी फरक निघाला, तर कोडमध्ये कुठेतरी वाचणाऱ्या मशीनचा झोन शिरला आहे.